उरुसाला इंग्रजीत काय म्हणावे

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या गर्दीतून वाट काढत असताना एका परदेशी तरुणीने मला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली असतील. ती तंबोरे कसे घडवतात हे पाहायला सतारमेकर गल्लीत आली होती, आणि तिथल्या कारागिरांनी तिला सांगितले होते की सध्या उरूस चालू आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे असते, तेवढे ऐकूनच जा. दर्ग्याच्या दारात कोणीतरी मला पुढे केले, कारण गावातल्या बऱ्याच जणांना मी इंग्रजी शिकवलेले आहे. तिने विचारले, हे सगळे कशासाठी आहे? मी म्हणाले, आमच्या पीरसाहेबांची ‘डेथ अ‍ॅनिव्हर्सरी’ आहे. त्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तिने आवाज खाली आणला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ‘ऐकून वाईट वाटले’ असे मला म्हणाली. आमच्या पाठीमागे पाळणे फिरत होते, बत्ताशांच्या राशी लागल्या होत्या, बांगड्यांच्या दुकानात भाव करण्यावरून हशा चालला होता, आणि ही मुलगी शतकांपूर्वी गेलेल्या एका माणसाबद्दल माझे सांत्वन करत होती.

माझे इंग्रजी चुकले नव्हते. मराठीत ‘पुण्यतिथी’ म्हटले असते तर कोणाचाही चेहरा उतरला नसता, कारण आपल्याकडे पुण्यतिथीला जेवणावळीही होतात आणि कीर्तनेही होतात. पण ‘पुण्यतिथी’ हाही काही उरुसाचा अर्थ नव्हे. पुढे मी निवृत्त झाले आणि ओळखीच्या काही मंडळींनी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार पानांचे एक इंग्रजी पत्रक लिहून द्यायला सांगितले. आठवडाभराचे काम आहे, असे मी त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात त्याला आठ महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन महिने ‘उरूस’ या एका शब्दावर गेले.

मराठीत उरूस म्हणजे जत्रा. गावोगावच्या पीरांचे उरूस भरतात, कुस्त्यांचे फड होतात, तमाशाचे तंबू लागतात, आणि तिथे येणारा माणूस कोणत्या धर्माचा आहे हे कोणी विचारत नाही. आमच्या मिरजेत तर उरुसातला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण ते मला कळले ते इंग्रजीतून. अ‍ॅनमरी शिमेल या जर्मन विदुषीने सूफी परंपरेवर इंग्रजीत लिहिलेला जाडजूड ग्रंथ 1975 साली प्रसिद्ध झाला. हार्वर्डमध्ये त्या हाच विषय शिकवत. त्या ग्रंथात वाचले की ‘उर्स’ म्हणजे अरबीत लग्न. वली, म्हणजे संत, ज्या दिवशी देह ठेवतो त्या दिवशी तो आपल्या प्रियतमाला भेटतो, म्हणून तो दिवस लग्नाचा. कोन्या शहरात 17 डिसेंबर 1273 रोजी सूफी कवी मौलाना जलालुद्दीन रूमी वारले. त्यांचे अनुयायी आजही त्या रात्रीला ‘शब-ए-अरूस’ म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र.

ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि मला नानी आठवली. उरुसाच्या आदल्या रात्री ती आम्हा मुलींच्या हातांवर मेंदी लावायची. का, म्हणून विचारले तर “शादी का घर है” एवढेच बोलायची. घरात कोणाचे लग्न नसायचे, तेव्हा आम्हाला ती म्हातारपणाची बडबड वाटायची. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. जो अर्थ तिने माझ्या तळहातावर लिहून ठेवला होता तो वाचायला मला केंब्रिज आणि हार्वर्डच्या वाटेने जावे लागले. या गोष्टीची मला लाज वाटावी की नवल वाटावे, हे अजून ठरलेले नाही.

पत्रकाचा दुसरा अडसर होता ‘सूफिझम’. या शब्दाशिवाय इंग्रजी वाचकाला काही सांगता येत नाही, आणि हा शब्द वापरला की सांगायचे ते निम्मे बिघडते. मूळ शब्द आहे ‘तसव्वुफ’. अरबी व्याकरणात ते क्रियेचे नाव आहे. सूफी होणे, लोकरीचे जाडेभरडे वस्त्र अंगावर घेणे, अशा अर्थाचे. ती करायची गोष्ट आहे आणि ती करायला आयुष्य पुरत नाही. इंग्रजीने तिच्यामागे ‘इझम’ लावला आणि समाजवाद, साम्यवाद यांच्या रांगेत तिला बसवले, म्हणजे आता ती मानायची किंवा न मानायची एक मतप्रणाली झाली. अर्थात नावाची ही तक्रार इंग्रजांच्या आधीची आहे. हुजवेरींनी अकराव्या शतकात फारसीत लिहिलेल्या ग्रंथात त्यांच्याही आधीच्या एका सूफीचे, बूशंजींचे, वचन दिलेले आहे की तसव्वुफ हे आज वस्तू नसलेले नाव आहे, पूर्वी ती नाव नसलेली वस्तू होती. त्या वचनालाही हजारेक वर्षे झाली. तेव्हा ‘पूर्वीचे सूफी राहिले नाहीत’ असे कोणी म्हणू लागले की मला हसू येते.

या ‘इझम’चा माग काढत मी मुंबईला पोचले, आणि हे मला अजिबात अपेक्षित नव्हते. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेल्यावर जी एशियाटिक सोसायटी लागते, तिचे पहिले रूप म्हणजे सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 1804 साली स्थापन केलेली लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे. त्या मंडळींनी आपल्यासमोर वाचलेल्या निबंधांचा पहिला खंड 1819 साली छापला. त्यात लेफ्टनंट जेम्स विल्यम ग्रॅहम या मुंबईच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचा सूफी पंथावरचा दीर्घ निबंध आहे. या विषयावर इंग्रजीत स्वतंत्रपणे झालेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनापैकी तो एक. त्याला या कामाला लावणारे गृहस्थ होते जॉन माल्कम, इराणच्या दरबारात कंपनीचे वकील म्हणून गेलेले, पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले. माल्कम आणि त्यांच्या पिढीच्या साहेबलोकांपुढे एक कोडे होते. इस्लाम हा कोरडा, कडक, तलवारीचा धर्म आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि हाफिज, सादी हे फारसी कवी तर त्यांना मनापासून आवडत. मग असल्या धर्मात असले कवी निपजले कसे? उत्तर त्यांनी असे काढले की सूफी हे खरे मुसलमान नव्हतेच. कोणी म्हणाले त्यांचे विचार ग्रीकांकडून आले, कोणी म्हणाले हिंदुस्थानातून, वेदान्तातून आले. ग्रॅहमने तर असेही लिहिले की कोणत्याही धर्माचा किंवा पंथाचा माणूस सूफी होऊ शकतो.

ग्रॅहमच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. मौलवींकडून त्याने जे ऐकले ते त्याने बऱ्यापैकी प्रामाणिकपणे उतरवलेले दिसते. पण जुनैद बगदादी, गझाली, हुजवेरी, आपले अजमेरचे ख्वाजासाहेब या साऱ्यांनी आपली वाट कुराणातून आणि पैगंबरांच्या चालीतून निघते असे सांगितले, आणि बहुतेक सिलसिल्यांची, म्हणजे सूफी गुरुपरंपरांची, वंशावळ हजरत अलींमार्फत पैगंबरांपर्यंत नेऊन पोचवलेली असते. तो धागा इंग्रजीत शिरतानाच, आपल्या मुंबई बेटावर, कात्रीने कापला गेला. त्या दिवशी टाउन हॉलच्या पायऱ्या उतरताना मला राहून राहून वाटत होते की माझ्या चार पानांवर दोनशे वर्षांचा कोणी अदृश्य सहलेखक बसलेला आहे.

आता ज्यांच्याविषयी लिहायचे म्हणून खरे तर मी हा लेख हाती घेतला, त्यांच्याकडे वळते. इनायत खाँ यांचा जन्म 5 जुलै 1882 रोजी बडोद्याला झाला. सयाजीरावांचे ते बडोदे, जिथे राजवाड्यात मराठी, बाजारात गुजराती आणि गवयांच्या घरांत उर्दू बोलली जाई. आईचे वडील मौलाबक्ष हे मोठे गायक आणि वीणावादक. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही शिकून आलेले. बडोद्याची गायनशाळा 1886 साली त्यांच्या हाताखाली सुरू झाली, आणि आज तिथल्या विद्यापीठात संगीत शिकवले जाते त्याची मुळे या शाळेत आहेत. इनायत या घरात वाढले, वीणा शिकले, गाऊ लागले, दरबारांतून हिंडले. कलकत्त्याला 1909 साली ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या गाण्याच्या तबकड्याही काढल्या. हैदराबादेत त्यांना मुर्शिद, म्हणजे गुरू, भेटले, सय्यद अबू हाशिम मदनी, चिश्ती या सूफी परंपरेतले. मुर्शिदांनी त्यांना सांगितले की पूर्व आणि पश्चिम यांचा सूर तुझ्या संगीताने जुळव. 13 सप्टेंबर 1910 रोजी ते सख्खा भाऊ आणि नात्यातला एक भाऊ यांच्याबरोबर मुंबईहून बोटीत बसले आणि अमेरिकेला गेले.

तिथे पोट भरायला या घरंदाज वीणकाराने काय काय केले, हे वाचून मिरजेसारख्या गाण्याच्या गावात वाढलेल्या माणसाला गलबलून येते. रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या पौर्वात्य थाटाच्या नाचाला त्यांनी साथ केली. समोर बसलेल्या श्रोत्यांना यमन कुठला आणि बागेश्री कुठला हे कळण्याची सोय नव्हती. मग गाण्याआधी दोन शब्द बोलायचे, गाण्यानंतर दोन शब्द बोलायचे असे सुरू झाले, बोलणे हळूहळू वाढत गेले आणि गाणे कमी होत गेले. त्यांचे सूफी विचारांवरचे पहिले इंग्रजी पुस्तक 1914 साली लंडनमध्ये निघाले. पहिले महायुद्ध त्यांनी त्याच शहरात काढले. पुढे पॅरिसजवळ सुरेन गावी ‘फजल मंजिल’ या घरात मुक्काम झाला, उन्हाळ्यात युरोपभरचे शिष्य तिथे जमू लागले, शिष्या व्याख्याने लघुलिपीत टिपून घेऊ लागल्या. तोवर वीणा बाजूला पडली होती. आपण संगीत सोडले, कारण त्याच्याकडून मिळायचे ते मिळून गेले होते, असे त्यांनी म्हटले आहे. आता वाद्यांऐवजी माणसे सुरात लावायची, असा त्यांचा भाव होता. हे वाक्य त्यांच्या चरित्रांत कौतुकाने येते. मला ते वाचून दर वेळी वाईट वाटते. आपल्याकडे गवई ज्याला रियाज म्हणतात, तो सूफींच्या ‘रियाजत’चाच शब्द, म्हणजे साधनेसाठी देहाला लावलेली शिस्त, आणि ज्याच्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच खोलीत नांदत होते त्याला त्यातला एक अर्थ इंग्रजी श्रोत्यांसाठी मोडीत काढावा लागला.

त्यांनी इंग्रजीत काय सांगितले, हे मी पत्रक लिहिताना पुन्हा लक्षपूर्वक वाचले. त्यांच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला ईश्वराचे वर्णन प्रेम, सुसंवाद आणि सौंदर्य यांची परिपूर्णता असे येते. त्यांच्या दहा सूफी विचारांपैकी एक असा की पवित्र ग्रंथ एकच आहे, आणि तो म्हणजे निसर्गाची पोथी. शिष्य होणाऱ्याला त्यांनी मुसलमान व्हायला सांगितले नाही. उलट 1921 पासून त्यांच्याकडे जी सामुदायिक उपासना सुरू झाली, तिच्यात सगळ्या धर्मांच्या नावाने मेणबत्त्या लावून सगळ्यांचे ग्रंथ वाचले जातात. निसर्गाच्या पोथीचे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खडा लागल्यासारखे झाले होते. कुराण कुठे गेले? पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले की ही कल्पना कुराणातलीच आहे. ‘आयत’ या शब्दाचा अर्थ कुराणातले वचन असाही आहे आणि खूण असाही आहे. पाऊस ही आयत आहे, रात्र आणि दिवस यांचे फिरणे ही आयत आहे, आणि आमच्या खुणा आम्ही त्यांना क्षितिजांवर आणि त्यांच्या स्वतःमध्ये दाखवू, असे अल्ला स्पष्ट सांगतो. बडोद्यात वाढलेल्या मुसलमानाला हे अर्थातच ठाऊक होते. त्यांनी कल्पना ठेवली आणि शब्द गाळला. शब्दाबरोबर पत्ताही गेला. ऐकणाऱ्याला वाटले की हे वर्ड्‌स्वर्थसारखे काहीतरी आहे, आपलेच आहे, छान आहे.

यावर त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि मुसलमान वाचक तो देतातही. मलाही तो मोह होतो. पण 1910 सालच्या न्यूयॉर्कमध्ये किंवा महायुद्धातल्या लंडनमध्ये, जेव्हा तुर्कस्तानचा खलिफा इंग्रजांच्या शत्रुपक्षात होता, तेव्हा एका काळ्यासावळ्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून ‘इस्लाम’ हा शब्द उच्चारला असता तर किती खुर्च्या भरलेल्या राहिल्या असत्या, याचा हिशेब घरी बसून करता येत नाही. शिवाय त्यांच्या आधी शंभर वर्षे ग्रॅहमच्या निबंधाने दार किलकिले करून ठेवले होते, ते नेमके एवढेच, की सूफी आत येऊ शकेल पण इस्लाम बाहेर थांबेल. त्या दारातून ते आत गेले. अंगावर त्यांचा झगा होता, ओठांवर जिक्र, म्हणजे अल्लाचे नामस्मरण, होता, आणि चिश्तींच्या समन्वयाच्या जुन्या वृत्तीला त्यांचे बोलणे सोडून नव्हते. 1926 साली ते हिंदुस्थानात परतले, आणि 5 फेब्रुवारी 1927 रोजी दिल्लीत वारले. वय अवघे 44. हजरत निजामुद्दीनांच्या वस्तीत त्यांचा मजार आहे, आणि त्यांचाही उरूस होतो. त्यांची थोरली मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची गुप्त बिनतारी संदेशवाहक म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली, आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. वडील मुंबईहून निघाले ती हीच तारीख. अशा योगायोगांवर फार विसंबू नये असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले, तरी तारीख मात्र लक्षात राहिली.

त्याच काळात त्याच इंग्लंडमध्ये दुसरीही एक खटपट चालू होती. लंडनजवळ वोकिंगला भोपाळच्या शाहजहान बेगमच्या पैशातून 1889 साली बांधलेली मशीद होती. तिथे लाहोरहून आलेले वकील ख्वाजा कमालुद्दीन मासिक चालवून इंग्रजांना नमाज, रोजा, विवेक, समता असा इस्लाम समजावत होते. या वर्तुळातले कादंबरीकार मार्माड्यूक पिकथॉल पुढे मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, नंतर निजामाच्या नोकरीत गेले, आणि त्यांनी 1930 साली कुराणाचे इंग्रजी प्रसिद्ध केले. त्याला त्यांनी भाषांतर म्हटले नाही, ‘अर्थ’ म्हटले, कारण कुराणाचे भाषांतर होऊ शकत नाही असे त्यांचे मत होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले अब्दुल्ला यूसुफ अली यांचे इंग्रजी कुराण 1934 पासून लाहोरहून निघू लागले. त्यांच्या तळटिपांत सूफी वळणाचा भावार्थ जागोजाग येतो. हा माणूस 1953 साली लंडनमध्ये एकाकी, निराधार अवस्थेत मेला. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत पिकथॉल आणि यूसुफ अली दोघेही आहेत.

या मंडळींना धर्म समजावता आला, पण त्यांच्या इंग्रजीत मेंदी नव्हती. इनायत खाँच्या इंग्रजीत मेंदी होती, पण लग्न कोणाचे ते सांगायचे राहून जात होते. माझ्या चार पानांत मला दोन्ही हवे होते.

मधल्या काळात रूमींचे जे झाले ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत त्यांच्या ओळी लग्नपत्रिकांवर आणि चहाच्या कपांवर छापल्या जातात. केंब्रिजचे निकल्सन यांनी रूमींच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याची संहिता, भाषांतर आणि टीका असे आठ खंड 1925 ते 1940 या काळात काढले. पंचवीस हजारांहून अधिक द्विपदी, आणि प्रत्येकीचा शब्दाला शब्द. जिथे मौलाना चावट गोष्ट सांगतात तिथे हे सोवळे गृहस्थ इंग्रजी सोडून लॅटिन लिहू लागतात, म्हणजे फक्त विद्वानांनीच चावटपणा वाचावा. मला निकल्सन आवडतात. त्यांची भाषा कंटाळवाणी आहे, पण ते कोणाच्या तोंडातला घास काढून घेत नाहीत. पुढे कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीने, फारसी येत नसताना, अशा विद्वत्तापूर्ण भाषांतरांवरून मुक्तछंदात रूमी लिहिला आणि तो लाखोंनी वाचला. त्यातली सगळ्यांत गाजलेली ओळ म्हणजे चूक आणि बरोबर यांच्या कल्पनांपलीकडे एक मैदान आहे, तिथे मी तुला भेटेन. रूमींच्या नावावरच्या मूळ रुबाईत चूक आणि बरोबर नाहीत. तिथे ‘कुफ्र’, म्हणजे अल्लाला नाकारणे, आणि ‘इस्लाम’ आहेत. कुफ्र आणि इस्लाम यांच्या पलीकडे एक वाळवंट आहे, जाणता तिथे पोचला की डोके टेकवतो, असे ते म्हणतात. इंग्रजीत आत्मा गवतावर पहुडतो. एक मुसलमान ‘इस्लामच्या पलीकडे’ म्हणतो आणि त्याच श्वासात नमाजातल्या सजद्यासारखे डोके टेकवतो, यातला थरार इस्लाम हा शब्द काढून घेतल्यावर उरत नाही. सजद्याचे तर सहलीतले लोळणे झाले.

याच सुमारास पत्रकात मला ‘फना’, म्हणजे मिटून जाणे, लिहायची वेळ आली. चिश्ती परंपरेत साधक आधी मुर्शिदात, मग रसूलात म्हणजे पैगंबरांत, मग अल्लात फना होतो असे सांगतात, आणि फनानंतर ‘बका’ असते, म्हणजे त्याच्यात टिकून राहणे. इंग्रजी पुस्तके फनाला ‘अ‍ॅनाइहिलेशन’ म्हणतात. तो शब्द मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाला वाचून दाखवला, तर त्याने विचारले की हे बॉम्बविषयी आहे का. मग माझ्या ध्यानात आले की हा शब्द तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पुरणपोळ्यांचा फन्ना उडाला, असे आपण म्हणतो तो फन्ना हाच. मराठी माणसाने फनाचे जेवण करून टाकले याचे मला आधी हसू आले, आणि नंतर मसनवीतला हरभरा आठवला. मौलाना सांगतात की हंडीत उकळणारा हरभरा उसळी मारून वर येतो आणि बाईला विचारतो, मला का छळतेस? ती पळीने त्याला खाली ढकलते आणि म्हणते, तू मला नकोसा आहेस म्हणून नव्हे, तुला चव यावी म्हणून शिजवते. तू अन्न होशील, अन्नाचा जीव होशील. फन्ना आणि बका दोन्ही एका हंडीत. हे मी इंग्रजीत सांगितले, आणि बॉम्बविषयी विचारणाऱ्या त्या मुलाला एका झटक्यात कळले.

आपल्या भाषेत असे बरेच शब्द झिजून पडलेले आहेत. सूफींचा ‘हाल’ म्हणजे अल्लाकडून अवचित उतरणारी अवस्था; आपण ‘फार हाल झाले’ म्हणतो. ‘दम’ म्हणजे श्वास, ज्याच्यावर नक्शबंदी परंपरेतले सूफी लक्ष ठेवायला सांगतात. आपण दम लागला म्हणतो, दम धर म्हणतो. आणि हे झिजणे एकतर्फीही नाही. माझ्याआधी चारशे वर्षे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी, कादिरी परंपरेतल्या गुरूचे शिष्य असूनही, मराठी ओवीत सगळे लिहिले. त्यांचा ‘योगसंग्राम’ 1645 सालचा. ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ म्हणताना त्यांनी स्वतःला शेजाऱ्यांच्याच शब्दाने हाक मारली. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. त्यांनीही शब्द बदलले होते, तेव्हा इनायत खाँना मी कोणत्या तोंडाने बोल लावते, असे मनात आलेच. फरक मला दिसतो तो एवढाच की शेख महंमदांचा श्रोता त्यांच्या वेशीत राहत होता. शब्द बदलला तरी माणूस कुठल्या घरचा आहे हे त्याला सांगावे लागत नव्हते.

शेवटी पत्रकात इस्लामची ओळख मी एका हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या एका आठवणीने, केली. एक अनोळखी पाहुणा पैगंबरांपुढे गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि त्याने विचारले, इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, एहसान म्हणजे काय. पहिल्या दोन उत्तरांत नमाज, रोजा, फरिश्ते, किताबे येतात. तिसरे उत्तर असे की अल्लाची बंदगी अशी कर की जणू तू त्याला पाहतो आहेस; आणि तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच आहे. पाहुणा निघून गेल्यावर पैगंबर म्हणाले, ते फरिश्ता जिब्रील होते. सूफी आपली जागा या तिसऱ्या उत्तरात दाखवतात. एहसानला इंग्रजीत कोणी ‘एक्सलन्स’ म्हणतात, पण तो शब्द ऐकला की मला शाळांच्या जाहिराती दिसतात. मुराता आणि चिटिक या अभ्यासक दांपत्याने ‘जे सुंदर ते करणे’ असे म्हटले आहे, ते पुष्कळ जवळचे आहे. नानी दूध विकायची. तिचे माप पितळेचे होते आणि ते तिने कधी काठोकाठ भरल्याशिवाय ओतले नाही. समोर लहान पोर असो की आंधळा म्हातारा, माप भरताना ती पुटपुटायची, “अल्ला देखरा.” त्या हदीसखाली मी तिचे नाव न घालता हे माप लिहिले.

पत्रक छापायला दिले त्या दिवशी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने पडद्यावर ‘उर्स’ हा शब्द दाखवला. बाकीचे इंग्रजी होते, त्यात हा रोमन लिपीतला एकटा अरबी शब्द, आणि शेजारी स्वल्पविराम देऊन मी ‘द वेडिंग’ असे लिहिले होते. तो म्हणाला, “मॅडम, परका शब्द आहे, तिरपा करू का?” इंग्रजीत तशी पद्धत आहे हे त्याला मीच कधीतरी शिकवले असणार.

“नको,” मी म्हणाले, “सरळच असू दे.”